आईचे सांधे दुखत नाहीत, मग एक्स-रेमध्ये ‘झीज’ वाढली कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला की नाही ते तुम्हालाही पाहता येईल. आई ५४ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि अधूनमधून वेदनाशामक गोळी. गेल्या वर्षभरात दुखणं जवळजवळ थांबलं. मेथोट्रेक्सेट हे ‘कॅन्सरचं औषध’ आहे, आता कमी करून टाकू, असं घरात चाललं होतं. तेवढ्यात हाताचा नवा एक्स-रे आला आणि त्यात लिहिलं होतं की झीज वाढली आहे, इरोजन (हाडाला पडलेल्या खाचा) दिसतात. दुखत नाही तर झीज कशी वाढेल? रिपोर्ट चुकला असेल का? आईंनी हाताची कामं बंद करावीत का? आणि झालेली झीज भरून येते का?

मी बरीच वर्षं आमवाताचे रुग्ण पाहतो. त्यांच्या हातापायांचे एक्स-रे मोजणं, म्हणजे कोणत्या सांध्यात किती नुकसान झालं याला आकडे देणं, हे माझ्या संशोधनाचं मुख्य काम. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या गोळ्यांत काय बदल करायचा हे मी इथून सांगणार नाही. ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ का बसत नाही, हे मी सांगू शकतो. तेवढं कळलं की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीच सोपी होतात.

पहिली अडचण ‘झीज’ या शब्दाची आहे. गुडघा वयाने झिजतो, जातं झिजतं, चपलेचा तळ झिजतो. वापरलं की झिजतं आणि जपलं की टिकतं, असा अर्थ आपल्या मनात पक्का बसलेला असतो. साठीनंतरच्या गुडघेदुखीला तो अर्थ काही अंशी लागू पडतो. आमवातात मात्र हाड झिजत नाही, ते कुरतडलं जातं. उंदराने धान्याचं पोतं कोपऱ्याने कुरतडावं तसं, आणि कुरतडणारा सांध्याच्या आतच बसलेला असतो. म्हणून आईंनी कणीक मळणं सोडलं तरी कुरतडणं थांबत नाही, आणि रोज वीस भाकऱ्या थापल्या तरी तेवढ्यामुळे ते सुरू होत नाही. रिपोर्टमध्ये झीज लिहिलेलं असेल तिथे ‘कुरतड’ असं वाचा. बरेच गैरसमज तिथेच गळून पडतील.

कुरतडतं कोण, ते पाहू. प्रत्येक सांध्याच्या पिशवीला आतून एक पातळ अस्तर असतं. निरोगी माणसात ते एकदोन पेशींइतकंच जाड असतं आणि सांध्याला वंगण पुरवणं हे त्याचं काम. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा याच अस्तरावर उलटते. अस्तर फुगतं, जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि ते हाडावर पसरू लागतं. हाडाच्या टोकावर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं, पण सांध्याच्या कडेला एक अरुंद पट्टी अशी असते जिथे कूर्चा संपलेली असते आणि पिशवी अजून चिकटलेली नसते. तिथे हाड उघडं असतं. सुजलेलं अस्तर पहिला घास तिथेच घेतं. म्हणून सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बोटांच्या गाठींच्या कडेला बारीक खाच दिसते, बिस्किटाचा कोपरा मुंगीने नेल्यासारखी.

प्रत्यक्ष हाड विरघळवणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या काही बाहेरच्या शत्रू नाहीत. जुनं हाड काढून नव्याला जागा करून देण्यासाठी त्या आपल्या सगळ्यांच्या हाडांत रोज काम करत असतात. हाडाला चिकटून त्या आम्ल सोडतात, त्यात खनिज विरघळतं. आमवातात सुजलेलं अस्तर रँक-एल नावाचं रसायन भरपूर तयार करतं आणि नको तिथे अशा पेशींची फौज उभी राहते. २००१ साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ज्या उंदरांत हे रसायन तयारच होत नाही, त्यांना सांधेदुखी जडवली. त्यांचे पाय इतर उंदरांसारखेच सुजले, पण हाडं जवळजवळ शाबूत राहिली. म्हणजे सूज आणि कुरतड यांचं नातं अगदी जवळचं असलं तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दुखण्याकडे येऊ. कूर्चेत मज्जातंतू नसतात. ती अर्धी नाहीशी झाली तरी ‘मी चालले’ असं मेंदूला कळवायला तिच्याकडे तारच नाही. मज्जातंतू असतात ते पिशवीत, अस्तरात आणि हाडावरच्या पातळ पापुद्र्यात. तिथला ताण कमी झाला किंवा वेदनाशामकाने निरोप अडवला, की दुखणं थांबतं. आत अस्तराचा एखादा कोपरा तरीही धुमसत असू शकतो. वेदनाशामकाने कुरतड थांबल्याचं कुठेही दिसलेलं नाही. त्या गोळीने माणसाला रात्री झोप लागते. तिचं मोल मी कमी लेखत नाही, पण तिचं काम तेवढंच आहे.

हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. मनावर ठसलं ते एका बाईंमुळे. मी तेव्हा नवखा होतो. त्या गजरे ओवायच्या. दर महिन्याला येऊन ‘आता काही दुखत नाही, डॉक्टर’ म्हणायच्या, मीही समाधानाने तेच औषध पुढे लिहून द्यायचो. हात हातात घेऊन एकेक सांधा मी दाबून पाहिला नाही. दोन वर्षांनी त्या म्हणाल्या की डाव्या हाताने दोरा धरता येत नाही, उजव्या हाताने आणि दातांनी गाठ मारते. एक्स-रे काढला. मनगटातली आठ छोटी हाडं एकमेकांना चिकटून एकच गठ्ठा झाला होता. दुखत नव्हतं, कारण त्या मनगटात हलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून ‘दुखत नाही’ हे वाक्य मी ऐकतो, आनंदाने ऐकतो, पण तपासणी तिथे संपवत नाही.

आईंच्या बाबतीत नेमकं हेच चाललं असेल असं मी म्हणत नाही. शक्यता बऱ्याच आहेत. नवा एक्स-रे कशाशी ताडून पाहिला, हा पहिला प्रश्न. चार वर्षांपूर्वीच्या फिल्मशी तुलना केली असेल, तर ही कुरतड औषध लागू पडायच्या आधी, पहिल्या वर्षभरातलीही असू शकते. आमवातात बरंच नुकसान सुरुवातीच्या एकदोन वर्षांतच होतं. म्हणजे जखम जुनी, फक्त दिसली आता. तुलना वर्षभरापूर्वीच्या फिल्मशी असेल, तर मात्र आजही काहीतरी चालू आहे. दुसरं म्हणजे, दोन्ही वेळी हात सारखा ठेवला होता का? बोटं जरा वाकडी ठेवली तरी सांध्यातली फट कमी दिसते आणि वाचणारा ‘झीज वाढली’ असं लिहून मोकळा होतो. तिसरं, खाचा कोणत्या सांध्यांत आहेत? चौपन्नाव्या वर्षी बोटांच्या अगदी शेंड्याकडच्या सांध्यांत वयाचा संधिवात असणं सर्रास आहे, आणि त्याचा आमवाताशी संबंध नाही. बोटांच्या मुळाशी, मनगटात किंवा पावलात असेल तर गोष्ट वेगळी.

निदानाचीही एकदा खातरजमा करून घ्या. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या दोन्ही तपासण्या झाल्या आहेत ना? २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. त्यानंतर महिनोन् महिने सांधे दुखणारे कितीतरी लोक आमच्याकडे आले आणि काहींवर आमवाताचा शिक्का आधीच बसलेला होता. चिकुनगुन्यानंतरच्या दुखण्यात हाड कुरतडलं जाणं सहसा दिसत नाही. आईंच्या एक्स-रेत खरोखर इरोजन असतील आणि अँटी-सीसीपी वाढलेलं असेल, तर निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. उलट अशा रुग्णांत कुरतड अधिक जोरात होते, म्हणून लक्षही अधिक ठेवावं लागतं.

तुमचा मूळ प्रश्न, दुखत नसताना नुकसान वाढू शकतं का, याचं उत्तर ‘हो’ असं आहे आणि ते मोजून सिद्ध झालेलं आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी आमवाताच्या अशा १०२ रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं, ज्यांचा आजार डॉक्टरांच्या मते पूर्ण आटोक्यात होता. २००८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. वर्षाअखेर १९ टक्के रुग्णांच्या एक्स-रेमध्ये नुकसान पुढे सरकलेलं होतं. सोनोग्राफीत ज्या सांध्यांच्या अस्तरात रक्तप्रवाह वाढलेला दिसत होता, त्या सांध्यांना धोका कितीतरी जास्त होता. बाहेरून शांत दिसणाऱ्या सांध्यात ती सोनोग्राफी राखेखालचा निखारा दाखवते.

याची उलटी बाजू तर मला त्याहून महत्त्वाची वाटते. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९८० च्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी हे दोघे या अस्तराचा अभ्यास करत होते. मैनींचा जन्म लुधियानाचा, शिक्षण युगांडात आणि इंग्लंडमध्ये. शस्त्रक्रियेत काढून टाकलेलं सांध्याचं अस्तर आणून त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत जगवायच्या आणि त्या कोणती रसायनं सोडतात ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत. अस्तरात सूज आणणारी रसायनं डझनावारी सापडत होती. त्यामुळे एकाला अडवून काय होणार, बाकीचे आहेतच, असं बहुतेकांना वाटायचं. १९८९ साली फिओनुला ब्रेनन आणि फेल्डमन यांच्या गटाने दाखवलं की त्यातल्या टीएनएफ या एका रसायनाला अडवलं की आयएल-१ हे दुसरं नुकसानकारक रसायनही खाली येतं. साखळीतली वरची कडी हाती लागली होती.

मग १९९२ साली लंडनच्याच चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये टीएनएफला अडवणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी) पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णांना दिलं गेलं. पहिल्या अभ्यासात फक्त २० रुग्ण होते आणि सगळ्यांनी नेहमीची औषधं वापरून पाहिलेली होती. आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांची सूज आणि ताठरपणा उतरला. पुढे ७३ रुग्णांवर, कोणाला औषध आणि कोणाला औषध नसलेला द्रव हे रुग्णालाही डॉक्टरलाही ठाऊक नसताना, तोच परिणाम पुन्हा दिसला. २००३ साली फेल्डमन आणि मैनींना त्यासाठी अमेरिकेतला मानाचा लास्कर वैद्यकीय पुरस्कार मिळाला.

माझ्यासारख्या एक्स-रे मोजणाऱ्यांना हादरवलं ते मात्र २००० साली छापून आलेल्या अभ्यासाने. मेथोट्रेक्सेट घेऊनही आजार धगधगत असलेले ४२८ रुग्ण होते. काहींना नुसतं मेथोट्रेक्सेट चालू ठेवलं, बाकीच्यांना त्याच्या जोडीला इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे तेच लंडनचं प्रतिपिंड. ५४ आठवड्यांनी नुसत्या मेथोट्रेक्सेटच्या गटात एक्स-रेमधल्या नुकसानाचा आकडा सरासरी ७ ने वाढला होता, जोड दिलेल्या गटात अवघ्या ०.६ ने. त्यातही बारकाईने पाहिलं तर एक विलक्षण गोष्ट निघाली. जोड औषध घेऊनही ज्यांच्या दुखण्यात-सुजेत विशेष फरक पडला नव्हता, त्यांचीही हाडं बऱ्याच अंशी वाचली होती. म्हणजे दुखतंय पण हाड टिकलंय असे काही रुग्ण, आणि लीड्सच्या अभ्यासातले दुखत नाही पण हाड जातंय असे काही. आईंना वाटणारा आराम खरा आहे आणि एक्स-रेही खरा असू शकतो. दोघांपैकी एकाला खोटं ठरवायची गरज नाही.

हे एक्स-रे मोजतात कसे, तेही सांगतो, कारण ‘रिपोर्ट चुकला का’ याचं उत्तर त्यात आहे. अभ्यासांसाठी दोन्ही हात आणि दोन्ही पावलं यांच्या फिल्म घेतात. हातातल्या प्रत्येक ठरावीक सांध्याला खाचांसाठी ० ते ५, पावलातल्या सांध्याला ० ते १०, आणि फट कमी होण्यासाठी ० ते ४ असे गुण देतात. सगळं जास्तीत जास्त धरलं तर बेरीज ४४८ होते. फिल्म वाचणाऱ्याला रुग्णाचं नाव नाही, औषध नाही, बऱ्याचदा कोणती फिल्म आधीची हेही सांगत नाहीत. दोन माणसं स्वतंत्रपणे वाचतात. एवढी काळजी घेऊनही दोघांच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच. एका रुग्णाच्या चारही फिल्म नीट मोजायला मला वीसेक मिनिटं लागतात. गजबजलेल्या एक्स-रे केंद्रात दिवसाला शेकडो फिल्म जातात. तिथल्या माणसाने दोन ओळींत ‘झीज वाढली’ लिहिलं तर तो त्याचा निष्काळजीपणा नव्हे, त्याच्याकडे वेळच तेवढा असतो. म्हणून त्या दोन ओळींवर भीतीही नको आणि निर्णयही नको. जुनी आणि नवी फिल्म शेजारी-शेजारी लावून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे आमवाताच्या तज्ज्ञाने, पाहायला हवी.

त्या बेरजेत पावलांना एवढं वजन का, असं तुम्ही विचाराल. पुष्कळ रुग्णांत पहिली खाच हातात नसतेच, ती पावलाच्या करंगळीच्या मुळाशी असते. चपलेत दडलेल्या त्या सांध्याकडे रुग्णाचंही लक्ष नसतं आणि डॉक्टरचंही. आईंच्या पावलांचा एक्स-रे झाल्याचं तुमच्या प्रश्नात कुठे दिसलं नाही.

इथवरचं एकत्र करून मग औषधाकडे वळतो. नुकसान सुजलेलं अस्तर करतं, वापर करत नाही. दुखणं हा त्या सुजेचा एक निरोप आहे आणि तो पोहोचेलच असं नाही. म्हणून गोळी कमी करायची की वाढवायची हे ठरवताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात: हाताने दाबून दिसणारी सूज, रक्तातले सूज दाखवणारे सीआरपी-ईएसआरचे आकडे, आणि फिल्म किंवा सोनोग्राफी. यातली एकटी कोणतीही पुरेशी नाही. सीआरपी नॉर्मल आणि बोटाच्या मुळाशी स्पष्ट सूज, असे हात मी दर आठवड्याला पाहतो.

आता ‘कॅन्सरचं औषध’. हा धसका खोटा नाही, अर्धवट माहितीतून आलेला आहे. या औषधामागे आपल्याकडचं एक मोठं नाव आहे. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधन प्रमुख होते. त्यांच्या गटाने तयार केलेलं अमिनोप्टेरिन बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरने आजारी मुलांना दिलं आणि १९४८ साली त्याचे परिणाम छापले. त्याचंच जवळचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५१ मध्ये रिचर्ड गुब्नर यांना अमिनोप्टेरिनने आमवाताच्या काही रुग्णांची सूज उतरल्याचं दिसलं, पण त्या काळात सगळ्यांचं लक्ष कॉर्टिझोन या स्टेरॉइडकडे लागलं होतं. मेथोट्रेक्सेटच्या आमवातातल्या नेटक्या चाचण्या १९८० च्या दशकात झाल्या आणि १९८८ साली अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. कॅन्सरमध्ये काही वेळा हेच औषध शिरेतून ग्रॅमच्या हिशेबात देतात. आमवातात आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. मात्रा इतकी बदलली की त्याचं कामही बदलतं: इथे ते पेशी मारायला दिलेलं नसतं, सूज शमवायला दिलेलं असतं.

खरी भीती बाळगायची ती दोन-तीन गोष्टींची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचं. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी धोकादायक पातळीला उतरतात, जीवही जाऊ शकतो. अशी चूक घडताना मी पाहिली आहे: चिठ्ठीवर नीट लिहिलेलं असूनही घरातल्या दुसऱ्याने रोजच्या डबीत गोळ्या भरल्या. कालनिर्णयवर त्या वाराला गोल करा आणि गोळ्यांची पट्टी वेगळ्या डबीत ठेवा. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी न चुकता. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) यांच्या तपासण्या नियमित. दारूपासून दूर. घरात बाळंतपणाच्या वयातली कुणी हे औषध घेत असेल तर गर्भधारणेच्या कितीतरी आधी ते थांबवावं लागतं. आईंना सततचा कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला, तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन करा.

सध्याचं औषध कमी पडतंय असं निघालं, तर पुढे काय? इथे अनेक कुटुंबं घाबरतात, कारण पुढचं पाऊल म्हणजे महागडी इंजेक्शनं असंच ऐकलेलं असतं. तसं असलंच पाहिजे असं नाही. आधी मेथोट्रेक्सेटचीच मात्रा वाढवता येते, किंवा तेच त्वचेखाली इंजेक्शनने देता येतं. जास्त मात्रा पोटातून पूर्ण शोषली जात नाही, म्हणून एवढा बदलही पुष्कळांना पुरतो. त्यानंतर सल्फासॅलॅझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दोन जुन्या, स्वस्त गोळ्यांची जोड. मेथोट्रेक्सेट अपुरं पडलेल्या ३५३ रुग्णांवरचा २०१३ सालचा अमेरिका-कॅनडातला अभ्यास आहे. त्यात ही तीन औषधांची जोडी, मेथोट्रेक्सेट आणि टीएनएफ अडवणारं एटानर्सेप्ट या महाग जोडीच्या तोडीची ठरली. एक्स-रेमधल्या नुकसानातही दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. आपल्याकडच्या घरांसाठी या अभ्यासाचं मोल मी सांगायला नको.

टीएनएफ अडवणारी औषधं लागलीच, तर आपल्या देशात एक गोष्ट विसरून चालत नाही: दबलेला क्षय. क्षयाच्या जंतूंना शरीर गाठींत कोंडून ठेवतं, आणि त्या गाठींची भिंत उभी ठेवायला टीएनएफच लागतं. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत क्षय उफाळल्याची ७० उदाहरणं एकत्र छापली गेली आणि जगभर नियम बदलले. छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झाल्याशिवाय हे इंजेक्शन कुणी देऊ करत असेल तर घेऊ नका.

स्टेरॉइडबद्दल दोन शब्द, कारण ‘एका पुडीने आराम पडला’ अशा गोष्टी गावोगावी ऐकू येतात. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना कॉर्टिझोन दिलं आणि काही दिवसांत त्या हिंडूफिरू लागल्या. १९५० साली नोबेल मिळालं. मात्रा वाढत गेल्या तसे सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडं आणि साखर हे सगळं त्यामागून आलं. डॉक्टरांनी मोजून, थोड्या काळासाठी दिलेलं कमी मात्रेचं स्टेरॉइड उपयोगाचं असतं, कुरतडही काहीशी मंदावते, हे मी नाकारत नाही. पण नाव नसलेल्या पुडीत ते किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. आई तसं काही घेत असतील तर रागावू नका. दुखणाऱ्या माणसाने आराम शोधला एवढंच. फक्त अचानक बंद करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू उतरवा.

हाताची कामं बंद करावीत का? नाही. सांधा लाल, गरम आणि टरारून सुजलेला असेल त्या दिवसांत विश्रांती, एरवी हात चालता ठेवायचा. इंग्लंडमध्ये आमवाताच्या ४९० रुग्णांना हाताचे ताकदीचे आणि ताणाचे ठरावीक व्यायाम शिकवून वर्षभर पाहिलं, त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. व्यायाम करणाऱ्यांचा हात अधिक कामाचा राहिला आणि व्यायामामुळे कुठला अपाय दिसला नाही. आईंना फिजिओथेरपिस्टकडून असे व्यायाम शिकता येतील. पिळे घट्ट पिळणं, जड कळशी बोटांच्या टोकांवर उचलणं, बरणीचं झाकण बोटांनी फिरवणं एवढं टाळा. तळहाताने, दोन्ही हातांनी करायची सवय लावा.

झालेलं नुकसान भरून येतं का? सूज खरोखर विझली तर खाचेची कडा पुन्हा पक्की होते, क्वचित खाच थोडी उथळही होते. गेलेली कूर्चा मात्र परत येत नाही. ऑस्टिओक्लास्टना थेट रोखणारं डेनोसुमॅब आमवातात वापरून पाहिलं गेलं आहे. त्याने हाडातल्या खाचा वाढणं मंदावलं, पण कूर्चा वाचली नाही आणि सूजही उतरली नाही. तिथेही हाच धडा मिळाला की मूळ सूज विझवल्यावाचून सांधा पूर्ण वाचत नाही.

पुढच्या भेटीपर्यंत घरी एक करून पाहा. सकाळी उठल्यावर, गोळी घेण्याआधी, आईंना मूठ वळायला सांगा. बोटांच्या मुळाशी चार उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खोलगट दऱ्या दिसायला हव्यात. दरी भरून सपाट झालेली असेल तर तो सांधा सुजलेला आहे. मग हस्तांदोलनात धरतो तसा तळहात दोन्ही कडांनी हलकेच दाबा. आईंनी हात मागे ओढला किंवा चेहरा आक्रसला, तर ते लिहून ठेवा. सकाळी हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागतात, जुन्या बांगड्या चढतात का, तेही. पावलांची बोटंही तशीच दाबून पाहा.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टचा कागद पुरेसा नाही. जुन्या आणि नव्या एक्स-रेच्या फिल्म किंवा सीडी बरोबर न्या, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, तेलं एका पिशवीत घालून न्या. दोन्ही पावलांचा एक्स-रे आणि सुजलेल्या सांध्यांची सोनोग्राफी करावी का, हे आपण होऊन विचारा. भेटीची वेळ शक्यतो सकाळची पहिली मागून घ्या, कारण दुपारपर्यंत आमवाताचे हात सैलावतात आणि जे दाखवायचं तेच दिसेनासं होतं.